झाडू हातात दिला म्हणून काम सोडायला सांगू नका

(नाव-गाव न छापण्याच्या विनंतीवरून पत्र थोडं संक्षिप्त करून देत आहे.)

*ताई, सप्रेम जय भीम. माझ्या मिस्टरांना मारामारीच्या केसमध्ये सेशन कोर्टानं पाच वर्षं सश्रम कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने, अशी शिक्षा दिली आहे. निकालाआधी ते अकरा महिने आतच होते. आता त्यांना सेंट्रल जेलला हलवलंय. ते आयटीआय झालेले वायरमन आहेत. पण आत गेल्यावर त्यांना जात विचारली आणि सफाईला लावलं. मुलाखतीला गेले तर म्हणाले, ‘मी झाडू मारणार नाही, काय करायचं ते करू देत.’ काम केलं की शिक्षा कमी होते म्हणतात, ते खरं का? इकडे एक माणूस चाळीस हजार मागतोय. म्हणतो, माझी आत ओळख आहे, स्वयंपाकघरात काम लावून देतो, तिथले निम्म्यात सुटतात. गंठण मोडायचा विचार चाललाय. मुलगा तिसरीत आहे, पप्पा कधी येणार म्हणून रोज विचारतो. त्याला काय सांगू?*

*– बार्शी तालुक्यातून एक भगिनी*

ताई, सप्रेम जय भीम.

गंठण मोडू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे पत्र हातात पडेपर्यंत त्या माणसाला पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि थोडे दिले असतील तर पुढचे थांबवा. कुणाला कुठल्या कामाला लावायचं हे जेलच्या आत, अधीक्षकांच्या अखत्यारीत ठरतं. शिक्षेतली माफी तर त्याच्याही पुढची गोष्ट. ती महिना संपल्यावर, त्या महिन्यात केलेल्या कामाची आणि वागणुकीची नोंद पाहून मिळते. बाहेर चहाच्या टपरीवर बसलेला माणूस ती कुठल्या कागदावर लिहिणार? शिवाय २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. एक माणूस आत असताना दुसऱ्यावर केस होणं तुमच्या घराला झेपणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. काम केल्यानं शिक्षा कमी होते का? होते. पण तो माणूस सांगतो तशी नाही.

सश्रम शिक्षेत काम करणं हा शिक्षेचाच भाग असतो. ते नेमून दिलं जातं आणि नीट केलं तर महिन्याकाठी काही दिवस शिक्षेतून वजा होतात. आपल्याकडे हे सगळं १९६२च्या शिक्षा माफीच्या नियमांनुसार चालत आलं आहे. जेलमध्ये याला सरळ ‘माफी’च म्हणतात. तिचे ढोबळमानानं तीन-चार कप्पे समजा. शिस्तीत राहिल्याचे काही दिवस, नेमलेलं काम पूर्ण केल्याचे काही दिवस, वर्षभर एकही जेलगुन्हा नावावर नसेल तर वर्षाअखेरीची वेगळी माफी, आणि एखाद्या खास कामगिरीसाठीची विशेष माफी. याशिवाय सरकार कधीमधी राष्ट्रीय निमित्तानं निकषात बसणाऱ्यांना सूट देतं. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ अशा तीन टप्प्यांत काही बंदी असे सुटले होते. पण त्यावर घराचा हिशेब बांधायचा नसतो.

महिन्याच्या माफीचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच असतात. समजा, एखाद्याला सरासरी महिन्याला सहा दिवस पडले तर वर्षाचे बहात्तर होतात, आणि वर्षाअखेरीची माफी मिळाली तर ती वर. हे नुसतं उदाहरण आहे, तुमच्या यजमानांचा आकडा नाही. पण यावरून एवढं कळेल की आत केवळ काम करून पाच वर्षांची अडीच होत नाहीत. अभिनेता संजय दत्तचं उदाहरण लोक फार देतात. तोही पाच वर्षांच्या शिक्षेतून येरवड्याहून २५ फेब्रुवारी २०१६ला सुटला तेव्हा त्याला मिळालेली एकूण माफी साडेआठ महिन्यांच्या आसपास होती. निकालाआधी भोगलेला काळ त्याला वेगळा धरून मिळाला होता. लोक दोन्हीची बेरीज करतात आणि मग ‘निम्म्यात सुटला’ अशी गोष्ट गावभर होते.

आणि तुम्हाला कुणी सांगितलं नसेल असं एक सांगते. केंद्रानं राज्यांसाठी केलेल्या आदर्श कारागृह नियमावलीत रविवार आणि सणासुदीलाही बंद न ठेवता येणाऱ्या कामांना कारखान्यातल्या नेहमीच्या कामापेक्षा जास्त माफी धरली आहे. ती कामं कोणती? स्वयंपाक आणि सफाई. म्हणजे तुमचे यजमान जे काम सोडायला निघालेत त्याची गणना त्या चाळीस हजारांच्या स्वयंपाकघराच्याच रांगेत होते. तुमच्या जेलमध्ये आज नेमका कुठला दर लागू आहे हे अधीक्षकांकडून लेखी घ्या. तो अधिकार बंद्याचा आहे आणि अर्ज केला तर उत्तर द्यावं लागतं.

आता पत्रातली जी ओळ वाचून मी थांबले तिच्याकडे येते. *जात विचारली आणि सफाईला लावलं.*

ताई, त्यांचा राग खरा आहे आणि तो रास्त आहे. ‘काम कुठलंही असो, कमी लेखू नये’ असलं काही मी त्यांना सांगणार नाही. हे ज्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या झाडू दिला गेला नाही त्यांना बोलायला सोपं असतं. प्रश्न झाडूचा नाही, तो कुणाच्या हातात आणि का दिला याचा आहे. हे फक्त तुमचं-माझं म्हणणं नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयानं निकाल दिला. सफाई एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला अशी वाटणी करणारे अनेक राज्यांच्या जेल नियमावलीतले नियम घटनाबाह्य ठरवले. समतेच्या कलमांबरोबर अस्पृश्यता बंदीचं कलम १७ आणि सक्तीच्या मजुरीविरुद्धचं कलम २३ यांचा आधार घेतला. कारागृहातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. राज्यांना नियम बदलायला तीन महिने दिले आणि असा भेदभाव होतोय का हे पाहण्याची जबाबदारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणावर आणि जेलची पाहणी करणाऱ्या अभ्यागत मंडळावर टाकली.

तेव्हा तक्रार करायचीच. पण काम सोडून नाही. काम चालू ठेवून.

असं का म्हणते ते नीट ऐका, आणि पुढच्या मुलाखतीत त्यांना शब्द न् शब्द सांगा. १८९४च्या कारागृह कायद्यानं घालून दिलेल्या चौकटीत सश्रम शिक्षेच्या बंद्यानं काम नाकारणं हा जेलगुन्हा धरला जातो आणि त्याची एक शिक्षा म्हणजे माफी कापणं. म्हणजे आज त्यांनी झाडू खाली टाकला तर त्या महिन्याचे कामाचे दिवस जातील, शिस्तीचे जातील, आधी मिळवलेल्यातले कापले जाऊ शकतील आणि वर्षाअखेरीच्या माफीवरही पाणी पडेल. त्याहून वाईट असं की मग कागदावर त्यांची तक्रार उरत नाही, उरतो तो त्यांचा ‘गुन्हा’. ज्यानं जात विचारून काम लावलं तो बाजूला राहतो आणि काम नाकारणारा बंदी समोर उभा राहतो. विधी सेवेच्या पॅनेलवर वकील म्हणून जेलमध्ये जाताना हे मी पाहिलं आहे. एक तरुण मुलगा त्याचं हिस्ट्री टिकट काचेला टेकवून मला दाखवत होता. हिस्ट्री टिकट म्हणजे प्रत्येक बंद्याच्या नावाचं कार्ड. त्यावर काम, आजार, शिक्षा, पंधरवड्याला केलेलं वजन, सगळं येतं. मुलाची तक्रार अगदी खरी होती. पण ती कुठेच लिहिलेली नव्हती. लिहिलेलं होतं एकच वाक्य, काम करण्यास नकार, आणि खाली सही. त्या एका ओळीच्या पुढे जायला मला फार अर्ज करावे लागले.

म्हणून अर्ज आधी. कागद-पेन आत मिळतं, नाही मिळालं तर तेही तक्रारीत लिहायचं. मजकूर साधारण असा असू द्या:

*‘मी बंदी क्रमांक अमुक, शिक्षा सश्रम कारावास. मला नेमून दिलेलं सफाईचं काम मी दाखल झाल्यापासून नियमित करत आहे. मात्र दाखल होताना माझी जात विचारून हे काम नेमण्यात आलं, अशी माझी तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४च्या निकालानुसार जातीवरून कामवाटप करता येत नाही. मी वायरमन ट्रेडचा आयटीआय प्रमाणपत्रधारक आहे. माझ्या कौशल्यानुसार वीज देखभाल किंवा कारखाना विभागात काम मिळावं आणि माझ्या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.’*

एक प्रत अधीक्षकांना, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. दुसरी प्रत तुम्हीही बाहेरून देऊ शकता. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. सोबत आयटीआयच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, तीच विसरली जाते. वकिलाची फी लागणार नाही. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. तुम्ही बाई आहात, तेव्हा तुम्हालाही मिळते. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. न्यायाधीश आणि अभ्यागत मंडळाचे सदस्य जेलच्या भेटीला येतात तेव्हा तोंडी सांगायलाही घाबरू नये. भेटीला आलेल्या माणसासमोर सांगितलेली गोष्ट दडपणं अवघड जातं.

एक अपवाद आहे. हातानं मैला उचलायला किंवा सेप्टिक टाकीत, गटारात उतरायला लावलं तर नाही म्हणायचं. हातानं मैला उचलायला लावणं आणि संरक्षक साधनांशिवाय टाकीत, गटारात उतरवणं याला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे आणि तो जेललाही लागू आहे. तसं काही घडलं तर त्याच दिवशी विधी सेवेला कळवा. बराकीचा पॅसेज झाडणं वेगळं आणि हे वेगळं. बाकी तब्येतीचं काही असेल, दमा, पाठ, जुनं फ्रॅक्चर, तर जेलच्या डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. काम झेपण्यासारखं आहे का हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा, आणि नेहमीच्या स्थितीत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेता येत नाही.

वायरमनचं काम मिळेल का? शक्यता चांगली आहे. जेलमध्ये वीज देखभालीला हात लागतातच. येरवड्याला सुतारकाम, कापड, छापखाना आहे, नाशिकरोडला फर्निचरपासून गणेशमूर्तींपर्यंत कामं होतात. हातात ट्रेड असलेला माणूस कारखान्यात सहसा फार काळ बाजूला ठेवला जात नाही. मजुरीकडून मात्र मोठी अपेक्षा ठेवू नका. २०२३च्या वाढीनंतरही कुशल कामाचा रोज शंभर रुपयांच्या आतच राहिला. तरी त्यातून त्यांचा कँटीनचा खर्च भागेल आणि तुमची मनीऑर्डर वाचेल, शिल्लक राहिली तर घरीही पाठवता येते. १ मे २०२२ला येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. आतल्या मजुरीवर बंद्याच्या कुटुंबाला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्क्यांनी, तारण नाही. तुमच्या जेलमध्ये ती लागू आहे का हे कल्याण अधिकाऱ्यांना विचारा. त्या माणसाचे चाळीस हजार उभे करण्यापेक्षा या चौकशीत एक दिवस गेलेला बरा.

आता दोन गोष्टी ज्यात माफीपेक्षा जास्त दिवस दडलेले आहेत, आणि त्या तुमच्या हातात आहेत.

पहिली, ते अकरा महिने. निकालाआधी कोठडीत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४२८ होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४६८ आहे. वजावटीचा उल्लेख निकालपत्रात आणि जेलला गेलेल्या वॉरंटवर आहे का, दिवस बरोबर मोजलेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. अटकेची तारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी, असं होतं. त्या अकरा महिन्यांवर माफी मात्र मिळत नाही, कारण तेव्हा ते शिक्षेचे बंदी नव्हते.

दुसरी, दंड. पंचवीस हजार भरले तर सहा महिने वाचतात. त्या सहा महिन्यांना आत कितीही झाडू मारला, कितीही तारा जोडल्या तरी एवढी माफी एका फटक्यात मिळणार नाही. सगळी रक्कम जमत नसेल तर थोडी भरली तरी त्या प्रमाणात दंडापोटीचा कारावास कमी होतो, आणि तो कारावास सुरू झाल्यावर भरली तरी चालते. म्हणजे घाई नाही, पण गंठण जर कधी मोडायचंच ठरलं तर या एकाच कारणासाठी मोडा, आणि कोर्टाची पावती घ्या. तेही आत्ता नाही. हायकोर्टात अपील केलं आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. सेशन कोर्टाच्या निकालावर साठ दिवसांत अपील करायचं असतं. मुदत गेली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येतो. अपील चालेपर्यंत शिक्षा स्थगित ठेवून जामीन मागता येतो, दंडालाही स्थगिती मागता येते. आत काम करणं म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, तेव्हा त्या भीतीनं काम टाळायचं कारण नाही.

रजांबद्दल थोडक्यात. संचित रजा, म्हणजे फर्लो, चांगल्या वागणुकीवर ठरावीक काळ भोगल्यानंतर मिळते आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, घरातल्या अडचणीसाठी असते आणि तिचे दिवस पुढे भरून काढावे लागतात. दोन्हींतून परत हजर व्हायला उशीर झाला तर एका दिवसापोटी अनेक दिवसांची माफी कापली जाऊ शकते. एखादा बंदी मुलीच्या हळदीसाठी दोन दिवस जास्त थांबतो आणि वर्षभर जमवलेलं घालवून बसतो. ही वेळ आली तर तुम्ही स्वतः त्यांना गेटपर्यंत सोडायला जा.

पुढे वागणूक स्वच्छ राहिली तर खुल्या कारागृहासाठी निवड होऊ शकते. येरवडा, पैठण, मोर्शी इथे अशी कारागृहं आहेत. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या आटपाडीला तर औंध संस्थानानं १९३९ सालीच स्वतंत्रपूर वसाहत काढली होती. तिथे बंदी बिनभिंतीच्या जागेत शेती करत राहिले. खुल्या कारागृहात माफीचा दर बंद कारागृहापेक्षा कितीतरी जास्त असतो. निवड सगळ्यांची होत नाही, आणि निवड समिती पहिल्यांदा पाहते ते तेच हिस्ट्री टिकट. शिक्षणाचंही तसंच. आतून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची परीक्षा देता येते आणि ती पास झाल्यावर विशेष माफी मिळालेले बंदी आहेत. तुमच्या यजमानांची बारावी राहिली असेल तर विचारून पाहा.

इथे तुमच्यासारख्याच इतर वाचक भगिनींसाठी एक खुलासा, कारण या विषयावर पत्रं बरीच येतात. अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या शिक्षेत माफी नाही, त्या कायद्याचं कलम ३२-अ ती जवळपास पूर्णच रोखतं. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच, गोपाळ गोडसे प्रकरणात, जन्मठेप ही उरलेल्या आयुष्याची शिक्षा असल्याचं म्हटलं आहे. साठवलेली माफी तिथे सरकारनं सुटकेचा निर्णय घेतला तरच उपयोगी पडते. ज्यांच्या घरी अशी शिक्षा आहे त्यांनी हे उत्तर स्वतःच्या केसला जसंच्या तसं लावू नये.

राहिला मुलगा. तिसरीतल्या पोराला तारीख सांगू नका, ताई. माफीचे दिवस मिळतात तसे कापलेही जातात, अपिलाचं काय होईल ते आज कुणालाच ठाऊक नाही, आणि मूल भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवतं. ‘तू सातवीत असशील तोवर यायला हवेत, त्याच्या आधी आले तर आपल्याला आनंदच आहे’, असं इयत्तेच्या भाषेत सांगा. खोटं बोलून ‘गावाला गेलेत’ म्हणू नका. शाळेत दुसरं कुणीतरी सांगेलच. त्याला पत्र लिहायला बसवा. जेलमधून पत्राचं उत्तर येतं, उशिरा येतं पण येतं, आणि बापाला काम सोडू नये असं वाटण्यासाठी तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्या वाकड्यातिकड्या अक्षरांचा उपयोग जास्त होईल.

पुढच्या मुलाखतीला जाताना वर लिहिलेला अर्ज हातानं उतरवून न्या आणि त्यांना वाचून दाखवा. काचेच्या पलीकडे आवाज नीट जात नाही, तेव्हा सावकाश वाचा. अर्जाची पोच पंधरा दिवसांत आली नाही तर मला कळवा. निकालपत्राची आणि वॉरंटची झेरॉक्सही पाठवा, अकरा महिन्यांचा हिशेब मी स्वतः तपासून देते.